चष्म्यात अडीच, रिपोर्टमध्ये दीड, लेन्सवर सव्वादोन

«डॉक्टर, माझं वय ६६. बाराव्या वर्षापासून चष्मा लावते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलंय. चष्म्याचा नंबर मायनस ३, सिलिंड्रिकल मायनस २.५, अ‍ॅक्सिस ९०. सिलिंड्रिकल नंबर मोठा आहे म्हणून डॉक्टरांनी टोरिक, म्हणजे तो नंबरही डोळ्याच्या आतच काढणारी लेन्स सुचवली. घरी येऊन कागद पाहिले तर तपासणीच्या रिपोर्टमध्ये १.५ लिहिलंय आणि लेन्सच्या पुढे २.२५. तीन कागद, तीन आकडे. चूक कुणाची? मुलगा म्हणतो, एकदाच करायचंय तर चांगल्यातली घाल. मैत्रीण म्हणते मल्टिफोकल घे, चष्माच सुटेल. नणंदेच्या डोळ्यात टोरिकच होती, ती आत फिरली आणि तिला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, म्हणून धास्ती वाटते. मला चष्म्याचा तसा काही जाच नाही. रात्री आडवी पडून, चष्मा काढून वाचते, तेवढं सुख मात्र जाऊ नये असं वाटतं. काय करू?»

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: रात्री चष्मा काढून वाचते. त्याकडे मी येणार आहेच. पण आधी त्या तीन आकड्यांचा गुंता सोडवू, कारण तो मनात राहिला तर पुढचं काही पटणार नाही.

चूक कुणाचीच नाही. तीन आकडे तीन निरनिराळ्या जागांचे आहेत.

डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. पहिलं ठिकाण म्हणजे सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. तो घड्याळाच्या काचेसारखा डोळ्यावर बसलेला असतो. दुसरं ठिकाण बाहुलीच्या मागचं नैसर्गिक भिंग, जे गढूळ झालं की आपण मोतीबिंदू झाला म्हणतो. कॉर्निया चेंडूसारखा सगळ्या बाजूंनी सारखाच गोल असेल तर किरण एका बिंदूत जुळतात. तो चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेनं जास्त आणि दुसऱ्या दिशेनं कमी वाकलेला असेल तर उभ्या रेषा एका अंतरावर स्पष्ट होतात, आडव्या दुसऱ्या अंतरावर, आणि अक्षराला सावली आल्यासारखी दिसते. हाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम. चष्म्याच्या कागदावर तो सिलिंड्रिकल नंबर म्हणून येतो. थोडाफार तो बहुतेक सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो. मोतीबिंदूच्या दर तीन पेशंटमागे साधारण एकाच्या कॉर्नियात तो १ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) किंवा त्याहून जास्त सापडतो.

चष्म्याचा नंबर काढताना मात्र कॉर्निया किती आणि भिंग किती अशी वाटणी कुणी करत नाही. दोघांचा मिळून जो हिशेब होतो तो चष्म्यात उतरतो. तुमचे अडीच म्हणजे ही एकत्र बेरीज. ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढून टाकतात, तेव्हा त्याच्या वाट्याचा दोषही त्याच्याबरोबर निघून जातो. मागे उरतो तो फक्त कॉर्नियाचा, आणि तुमच्या रिपोर्टमधला दीड हा त्या कॉर्नियाचा आकडा आहे. कागदावर के-१ आणि के-२ असे दोन आकडे असतील, कॉर्निया दोन दिशांना किती वाकलाय ते सांगणारे. मोठ्यातून लहान वजा करून बघा, उत्तर दीडच्या आसपास येईल.

ही वाटणी पहिल्यांदा ज्यानं ओळखली त्याची गोष्ट मला फार आवडते. टॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञानं १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातला हा दोष वर्णन करून मांडला. तो कॉर्नियात आहे की आत, हे ठरवायला त्यानं डोळ्यापुढे पाणी धरलं. पाण्याला टेकलेल्या कॉर्नियाची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरी दोष तितकाच राहिला, म्हणून तो आतल्या भिंगाचा आहे असं त्यानं म्हटलं. म्हणजे यंगचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असतं तर त्याचा तो नंबर साध्या लेन्सनंही गेला असता, टोरिकची गरज पडली नसती. पुढे १८२५ मध्ये जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञानं आपल्या डाव्या डोळ्यासाठी सिलिंड्रिकल काच बनवून घेतली. तुमच्या चष्म्यातली काच तिच्याच वंशातली.

याच्या उलटही घडतं. काहींच्या कॉर्नियाचा दोष आणि भिंगाचा दोष एकमेकांना काटकोनात असतात, एकानं बिघडवलेलं दुसरा सावरून घेतो, आणि चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर जवळपास नसतोच. ऑपरेशननंतर सावरणारा निघून जातो आणि नंबर उघडा पडतो. ‘आयुष्यभर नव्हता, ऑपरेशननं आला’ ही तक्रार अशातून येते. ऑपरेशननं तो आणलेला नसतो, झाकलेला होता तो दिसू लागतो. म्हणून चष्म्याचा नंबर बघून टोरिक लागेल की नाही हे कुणीही सांगू नये. तुमच्या डॉक्टरांनी ‘सिलिंड्रिकल मोठा आहे म्हणून’ असं बोलता बोलता म्हटलं असेल, पण त्यांनी हिशेब कॉर्नियावरच केलेला दिसतो. तो बरोबर आहे.

आता सव्वादोन. कृत्रिम लेन्स कॉर्नियाच्या काही मिलिमीटर मागे, आत बसते. तिथून तिचा जोर कॉर्नियापाशी येईपर्यंत सुमारे दोनतृतीयांश उरतो. लेन्सवर २.२५ लिहिलेलं असलं तरी कॉर्नियाच्या जागी ते जेमतेम दीड भरतं. आणखी एक बारकावा आहे. नेहमीची यंत्रं कॉर्नियाची पुढची बाजू मोजतात, पण त्याला मागचीही बाजू असते आणि तिच्यात साधारण ०.३ डायॉप्टरचा दोष असतो, बहुतेकांच्यात एकाच ठरावीक दिशेनं. तुमचा अ‍ॅक्सिस (दोषाची दिशा सांगणारा अंश) ९० आहे, म्हणजे तुमचा कॉर्निया बहुधा आडव्या दिशेत जास्त वाकलेला. अशा डोळ्यात मागची बाजू दोषात थोडी भर घालते, तर उभ्या दिशेत जास्त वाकलेल्या डोळ्यात ती तेवढाच कमी करते. २०१२ मध्ये डग्लस कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजून दाखवलं. त्याआधी बसवलेल्या टोरिक लेन्समध्ये काहींचा दोष थोडा उरायचा, काहींचा जास्तच दुरुस्त व्हायचा, त्यामागचं एक मोठं कारण हे होतं. लेन्सचा नंबर काढायच्या आजच्या गणकांत, उदाहरणार्थ बॅरेट यांच्या गणकात, ही मागची बाजू धरलेली असते. शिवाय कानाच्या बाजूनं घेतलेला दोन-अडीच मिलिमीटरचा छेदही तुमचा दोष किंचित कमी करील. भर आणि वजावट करून सव्वादोनची लेन्स निघते. हिशेब जुळतो, ताई.

मग टोरिक म्हणजे नेमकं काय? साध्या लेन्समध्ये सगळीकडे एकच नंबर असतो. टोरिकमध्ये दोन दिशांना दोन वेगळे नंबर असतात आणि कडेला बारीक ठिपके किंवा रेघा असतात. त्या खुणा कॉर्नियाच्या जास्त वाकलेल्या दिशेशी जुळवून लेन्स बसवायची. साधी लेन्स आत कशीही फिरली तरी बिघडत नाही. टोरिकला दिशा आहे, आणि तिचा गुण नि तिची अडचण दोन्ही इथूनच सुरू होतात.

घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा. मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. टोरिक ठरलेल्या दिशेपासून १ अंश हलली तर तिचा साधारण ३ टक्के परिणाम वाया जातो. १० अंश, म्हणजे काट्याची दोन मिनिटंसुद्धा नाहीत, एवढी चूक झाली तर एकतृतीयांश दोष तसाच राहतो. ३० अंशांवर, म्हणजे काट्याच्या पाच मिनिटांवर, फायदा शून्य: दोष तेवढाच, फक्त त्याची दिशा बदललेली. त्यापुढे लेन्स फिरली तर घातली नसती तर बरं, अशी वेळ येते.

म्हणून या ऑपरेशनची खरी मेहनत टेबलावर जाण्याआधीची असते. आपण बसलेलो असताना डोळा जसा असतो तसाच तो आडवं झाल्यावर राहत नाही, खोबणीत थोडा फिरतो. बहुतेकांचा दोन-चार अंश, एखाद्याचा १० च्या आसपासही. त्यामुळे दिशेची खूण पेशंट ताठ बसलेला असताना शाईनं करतात. काही ठिकाणी डोळ्यावरच्या रक्तवाहिन्यांचा फोटो आधीच काढून ठेवतात आणि ऑपरेशनच्या वेळी सूक्ष्मदर्शकात तोच नकाशा दिसतो. दोन्ही पद्धती चालतात. तुम्ही विचारायचं ते एवढंच: खूण मी बसलेली असताना करणार ना?

आणि त्याहूनही आधी, मोजमाप. याबद्दल मी जरा हट्टानं लिहिते, कारण बिघाडाचं मूळ पुष्कळदा इथं असतं आणि दोष जातो लेन्सच्या माथी. कॉर्नियाचं माप त्याच्यावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशानं घेतात. तो थर कोरडा, फाटका असेल तर आकडा आज एक येतो आणि परवा दुसरा. तुमच्या वयात डोळे कोरडे असणं अगदी नेहमीचं. डोळ्यांत खुपतं, वाचताना अक्षर पुसट होतं आणि पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट दिसतं, असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही आठवडे थेंब घालून, मग पुन्हा माप घ्यावं. त्या दिवशी बधिरतेचे थेंब घालण्याआधी आणि डोळ्याचा दाब बघण्याआधी माप झालेलं बरं, कारण त्या दोन्हींनी अश्रूंचा थर विस्कटतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या आधी बंद ठेवायच्या: मऊ असतील तर आठवडाभर तरी, कडक असतील तर त्याहून बऱ्याच जास्त दिवस. तुमचा तो प्रश्न नाही.

मला विचाराल तर दोन वेगळ्या यंत्रांवर आणि शक्य तर दोन वेगळ्या दिवशी माप घेतलं पाहिजे, आणि दोन्हींत दोषाचा आकडा नि दिशा दोन्ही जवळपास सारखे आले पाहिजेत. सोबत कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, हवीच. नकाशात दोष डमरूसारखा, दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला दिसला तर टोरिकला तो मानवतो. आकार वेडावाकडा असेल, जुन्या जखमेचा व्रण असेल किंवा कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल, तर दोनच दिशांची लेन्स त्याला पुरी पडत नाही आणि निर्णय फार जपून घ्यावा लागतो. पांढऱ्या भागावरून बुबुळावर मांस वाढत आलेलं असेल तर आधी ते काढायचं, कॉर्निया स्थिरावू द्यायचा आणि मगच मोजायचं. मागचा पडदा, म्हणजे रेटिना, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) करून बघून घ्यावा. तो अधू असेल तर पुढची लेन्स कितीही नेमकी बसवली तरी त्याचा फायदा मर्यादितच.

आता तुमच्या नणंदेची गोष्ट. लेन्स फिरते, हे खरं आहे. मोतीबिंदू काढल्यावर त्याची पातळ पिशवी मागे राहते आणि नवी लेन्स तिच्यात बसते. पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आक्रसून लेन्सला घट्ट धरते, पण सुरुवातीला पकड सैल असते. फिरायची असेल तर लेन्स बहुधा पहिल्या दिवशीच, त्यातही पहिल्या तासाभरात फिरते. डोळा लांबट असेल, म्हणजे मायनस नंबर बराच मोठा असेल, तर पिशवीही मोठी असते आणि धोका वाढतो. ऑपरेशनच्या वेळी वापरलेलं जेल लेन्सच्या मागे राहून गेलं तरी ती घसरते. १९९० च्या दशकात जपानमध्ये किमिया शिमिझू यांनी पहिल्या टोरिक लेन्स बसवल्या, तेव्हा फिरण्याचं प्रमाण बरंच होतं. आजच्या लेन्सचं साहित्य पिशवीला चिकटून राहणारं आहे आणि पुन्हा जागेवर आणावी लागण्याची वेळ शंभरात दोन-चार जणांवरही क्वचितच येते.

नणंदबाईंना एक सांगा. आपण कुशीवर झोपलो, खाली वाकलो, म्हणून लेन्स फिरली असं त्या मनात धरून बसल्या असतील. पेशंट असं स्वतःलाच लावून घेतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. वर सांगितलेली कारणं त्यांच्या हातातली नव्हती. आणि त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं ते बहुधा लेन्स बदलायला नव्हे, तीच लेन्स वळवून जागेवर आणायला. थोड्या वेळाचं काम असतं. पिशवी घट्ट व्हायच्या आत, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते केलं तर सोपं जातं. म्हणून दुसऱ्या दिवशीची आणि आठवड्यानंतरची तपासणी चुकवू नका, आणि त्या वेळी बाहुली मोठी करून लेन्सच्या खुणा कुठे आहेत ते बघायला सांगा. नंबर उरलाय म्हणजे लेन्सच फिरली असंही नसतं. खुणा जागेवर असतील तर चूक मापात शोधावी लागते, आणि तेव्हा लेन्स वळवून काही साधत नाही.

मल्टिफोकलबद्दल थोडक्यात. ती प्रकाश वाटून घेते, थोडा दूरला, थोडा जवळला. त्यात रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात अक्षराचा काळेपणा थोडा फिका वाटतो. चष्मा अजिबात नकोच असं ठरवलेल्यांना ती उपयोगी पडते. तुम्ही लिहिताय की चष्म्याचा जाच नाही. मग जो त्रास तुम्हाला नाहीच, त्याच्या इलाजासाठी रात्रीच्या वाचनाची स्पष्टता का द्यायची? मैत्रिणीचा सल्ला मैत्रिणीच्या डोळ्यांसाठी बरोबर असेल.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्वतः डोळ्यांची डॉक्टर होते. तिचा मायनस नंबर तुमच्यासारखाच, मध्यम. तीही चष्मा उशाशी काढून ठेवून, पुस्तक जवळ धरून वाचायची. ऑपरेशन छान झालं, दूरचं लख्ख दिसायला लागलं, सगळे खूश. चौथ्या-पाचव्या रात्री तिनं पुस्तक उघडलं, नेहमीसारखं जवळ घेतलं, आणखी जवळ घेतलं, आणि म्हणाली, ‘अगं, हे तर गेलं की.’ तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नव्हतं. लेन्स दूरसाठी ठरवली होती आणि तशीच नेमकी बसली होती. तू वाचतेस कशी, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं, आणि विचारायचं होतं मीच. मी तिची मुलगी. वाचनाचा चष्मा आला, तिनं कुरकूरही केली नाही. पण पन्नास वर्षांची एक सवय मी न विचारता काढून घेतली होती. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मायनस नंबरवाल्याला मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

लेन्स ठरवताना प्रश्न दोन असतात आणि ते बहुतेक वेळा एकातच मिसळले जातात. सिलिंड्रिकल दोष लेन्समध्ये काढायचा की चष्म्यात, हा एक. चष्म्याविना स्पष्ट कुठलं दिसायला हवं, दूरचं की जवळचं, हा दुसरा. टोरिक हे फक्त पहिल्याचं उत्तर आहे. साधी टोरिक लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते, आणि कुणी काही बोललं नाही तर ते अंतर दूरचं धरलं जातं. मग तुमची टोरिक अचूक बसेल, सगळे अभिनंदन करतील, आणि रात्री पुस्तक उघडल्यावर तुम्हीही म्हणाल, हे तर गेलं.

पण तीच टोरिक जवळसाठीही ठरवता येते. साधारण मायनस अडीचचा नंबर मुद्दाम ठेवला तर सुमारे ४० सेंटिमीटरवर चष्म्याविना स्पष्ट वाचता येईल. आज तुम्ही चष्मा काढून वाचता ते सिलिंड्रिकल दोषासकट, अक्षराच्या सावलीसकट. तो दोष लेन्समध्ये निघाला तर आडवं पडून वाचणं आजच्यापेक्षा स्वच्छ होईल. दूरसाठी चष्मा राहील, पण त्यातून मोठा सिलिंड्रिकल गेलेला असेल, काच सरळ आणि हलकी होईल. टोरिक घ्यायची तर चष्मा सुटलाच पाहिजे असा काही नियम नाही. उलट तुमच्यासारखीला साधी लेन्स जवळसाठी बसवली आणि दीड-पावणेदोनचा दोष तसाच ठेवला, तर रात्रीच्या वाचनात सावली राहील आणि मग ते सुखही अर्धवटच.

कुठलं निवडावं हे मी ठरवणार नाही, पण ठरवायचा एक उपाय सांगते. दोन दिवस तुमचा दूरचा चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत काढायचाच नाही. पुस्तक, फोन, सुईत दोरा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सगळं चष्मा लावूनच. जवळचं जसं दिसेल, साधारण तसं दूरसाठीच्या लेन्सनंतर वाचनाच्या चष्म्याविना दिसेल. मग दोन दिवस उलट बघा: घरात शक्य तितका वेळ चष्म्याशिवाय राहा. यात दूरचं दिसेल ते खऱ्याहून वाईट दिसेल, कारण तुमचा आजचा नंबर ठेवायच्या नंबरापेक्षा मोठा आहे, तेवढं ध्यानात धरा. चार दिवसांत तुमचं मन तुम्हाला कळेल. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा थोडा जवळसाठी अशीही वाट आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून ज्यांनी तसं वापरून पाहिलंय त्यांनीच तिकडे वळावं असं मला वाटतं.

मुलाला सांगा, ‘चांगल्यातली’ अशी काही लेन्स नसते. टोरिक न घालता साधी लेन्स घातली आणि उरलेला दोष चष्म्यात ठेवला तर डोळ्याचं काही नुकसान होत नाही, आणि चष्मा लावल्यावर दिसतंही तितकंच छान. दोष १ डायॉप्टरच्या आत असता तर मी तुम्हाला कदाचित छेद योग्य दिशेला घेऊन किंवा कॉर्नियाच्या कडेला बारीक छेद देऊन भागवा म्हटलं असतं. दीडच्या पुढे ते छेद तितके भरवशाचे नाहीत. तुमचा दोष, त्याची दिशा आणि तुमची वाचनाची सवय पाहता, दोन मापं जुळत असतील आणि नकाशा नीटस असेल, तर मी टोरिकच्या बाजूनं आहे. मापं जुळत नसतील तर महिनाभर थांबा. तुमच्या पत्रात घाईचं काही दिसत नाही, मोतीबिंदू महिनाभर वाट बघू शकतो.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करून टेबलावर जा. ऑपरेशन चालू असताना पिशवी फाटली किंवा तिला धरून ठेवणारे तंतू कमजोर निघाले, तर सर्जन टोरिक बाजूला ठेवून साधी लेन्स घालू शकतात. दिशा टिकणारच नसेल तर टोरिक घालण्यात अर्थ नाही. असं झालं तर त्यांनी विचारपूर्वक योग्य केलं असं समजा.

नंतरचे काही दिवस जमीन किंचित कलती वाटेल, दाराची चौकट तिरकी दिसेल. बारा वर्षांच्या असल्यापासून तुमच्या मेंदूनं वाकडं चित्र सरळ करून वाचायची सवय लावून घेतलीय, ती मोडायला वेळ लागतो. जिन्यावर हाताशी कठडा धरा. दोन डोळ्यांच्या ऑपरेशनांमधल्या काळात जुन्या चष्म्याची उजवी काच निरुपयोगी होईल, तेव्हा तिच्या जागी तात्पुरती काच बसवून घ्या. लेन्स जवळसाठी ठेवली तर दोन डोळ्यांच्या नंबरातला फरकही लहान राहील आणि हा मधला काळ सुसह्य जाईल. पक्का चष्मा महिना-सव्वा महिन्यानं, नंबर स्थिरावल्यावरच करा.

डिस्चार्जच्या वेळी लेन्सच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर मॉडेल, नंबर आणि सिलिंडर छापलेलं असतं. त्याच्या शेजारी लेन्स किती अंशांवर बसवली तो आकडा डॉक्टरांकडून हातानं लिहून घ्या आणि तो कागद के-१, के-२ च्या रिपोर्टला टाचून ठेवा. डाव्या डोळ्याचं माप घ्यायला जाल तेव्हा दोन्ही बरोबर न्या, उजव्यात काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय उतरलं ते बघूनच डाव्याची लेन्स ठरवतील.